गवतात राहिलेले धोंडे

डोंगराच्या उतारावर एक गाव वसलेलं होतं, आणि ते गाव गवतावर जगत होतं. आता तुम्ही म्हणाल, गवतावर गुरं जगतात, माणसं कशी जगतील? तर ऐका. त्या गावाला ना नदीकाठची काळी जमीन होती, ना बाजार होता. पण गावामागं कुरण होतं. असं कुरण की पाहणाऱ्यानं नुसतं पाहत उभं राहावं. श्रावण सरला की त्यातलं गवत माणसाच्या छातीला लागायचं. वारा सुटला की सगळं कुरण एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायचं. गावची गुरं त्यावर पोसायची, आणि उरलेल्या गवताच्या पेंढ्या खालच्या गावांना जायच्या. त्याच्या बदल्यात तिकडून ज्वारी यायची, तेल-मीठ यायचं, सणाला गूळ यायचा.

पण हे गवत जसं माणसांना हवं, तसं ते घुशींनाही हवं.

घूस म्हणजे घरातला उंदीर नव्हे बरं का. चांगली थोराड, मांजर समोर आलं तर मांजरानंच वाट बदलावी अशी. ती गवताची मुळं खाते, आणि खाते त्याच्या कितीतरी पट उकरते. वरून गवत हिरवंगार दिसतं, आणि खाली जमीन पोकळ झालेली असते. बैलाचा पाय अशा बिळात गेला की बैल कामातून गेलाच समजा. बांधाला बीळ पाडलं की अडवलेलं पाणी निघून जातं आणि खालचं गवत उभ्या उभ्या वाळतं. म्हणून त्या गावात कुरणाला एक राखणदार असे. त्याच्या हातात गोफण असे. त्यानं घुशी मारायच्या आणि कुरण राखायचं. त्याला कुरणातली झोपडी राहायला मिळे आणि त्याच्या गुरांना वर्षभर हवं तेवढं गवत.

हे राखणदारीचं काम आबा नावाचे म्हातारे कित्येक वर्षं करत होते. पण त्या वर्षी ते म्हणाले, "बाबांनो, आता मला घूस आणि ढेकूळ सारखंच दिसायला लागलंय. परवा एका ढेकळाला धोंडा मारला आणि ते मेलं म्हणून खूश झालो. आता दुसरं कुणीतरी बघा."

दोघंजण पुढं आले.

एक होता हिरोजी. तरणाबांड गडी, अंगानं ताठ, बोलण्यात चलाख. त्याला स्वतःची जमीन नव्हती. घरात राही नावाची बायको आणि दावणीला एक तांबडी गाय. गाय गाभण होती. राखण मिळाली तर गायीच्या चाऱ्याची चिंता मिटणार होती, आणि खरं सांगायचं तर चाऱ्याइतकीच त्याला मानाचीही ओढ होती. कुरणाचा राखणदार म्हटलं की गावात माणसं उठून जागा देत.

दुसरा होता सुभाना. वयानं हिरोजीपेक्षा थोर, पोट जरा सुटलेलं, चालणं सावकाश. त्याच्याकडं पाहून कुणी म्हणालं नसतं की हा गोफण फिरवील.

आबा म्हणाले, "यंदा दोघांनी मिळून राखा. सकाळी सुभाना, दिवस कलताना हिरोजी. गवत कापून घरात आलं की मी एकाचं नाव घेईन. पण एक गोष्ट दोघांनी ध्यानात धरायची. धोंडा लागला तर लागला, त्याचं मला कौतुक नाही. चुकला, तर मात्र गवतात शिरायचं, वाकायचं, हातानं चाचपायचं आणि तो धोंडा उचलून आणायचा. हयगय करायची नाही."

"एवढं काय त्या धोंड्याचं, आबा?" हिरोजी म्हणाला. "ओढ्यात हवे तेवढे पडलेत."

"ओढ्यातले ओढ्यात बरे आहेत," आबा म्हणाले. "कुरणात पडला की गवत त्याला झाकून घेतं. कापणीला बाया बसतात, गवताची मूठ धरतात आणि विळा पार बुडाशी घालतात. तिथं धोंडा असला तर विळ्याचं काय होईल? आणि विळा सटकला तर हाताचं काय होईल? म्हणून सांगतो."

दोघांनी माना हलवल्या.

पहिल्याच संध्याकाळी हिरोजी एका खडकावर जाऊन बसला. समोर बिळाच्या तोंडाशी ताजी उकरलेली माती दिसत होती. तो गप्प बसून राहिला. थोड्या वेळानं मातीवर एक काळपट नाक आलं, मग मिशा आल्या, मग सगळी घूस. हिरोजीनं गोफणीचं एक टोक बोटात अडकवलं, दुसरं चिमटीत धरलं, डोक्याभोवती गरगर फिरवलं आणि चिमूट सोडली. धोंडा सणकन गेला आणि घूस जागेवरच आडवी झाली.

"लागला!" हिरोजी एवढ्या मोठ्यानं ओरडला की डोंगरानं ते परत म्हणून दाखवलं.

पायवाटेनं बाया डोक्यावर सरपणाचे भारे घेऊन घरी चालल्या होत्या. त्यांच्यात पुढं होती मालनकाकू. तिची जीभ गावात प्रसिद्ध होती. ती थांबली आणि म्हणाली, "बाई बाई, काय हात आहे! राखणदार असावा तर असा."

त्या संध्याकाळी हिरोजी घरी आला तो जमिनीवर पाय नसल्यासारखा आला. राहीनं भाकरी वाढली तर भाकरीकडं लक्ष नाही. "मालनकाकूनं सुद्धा नाव घेतलं," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

पण गोफण ती गोफण. दुसऱ्या संध्याकाळी धोंडा सुटला तो कुठल्या कुठं गवतात गेला. घूस कधीच बिळात. हिरोजी खडकावरून उतरला, छातीएवढ्या गवतात शिरला आणि वाकून चाचपायला लागला. वरून त्याची फक्त पाठ दिसत होती, हलणाऱ्या गवतात वर-खाली होणारी.

नेमक्या तेव्हाच बाया आल्या.

"काय हो भावजी, काय शोधताय?" मालनकाकूनं विचारलं. "नथ पडली की काय?"

सगळ्या खो खो हसल्या. दुसरी म्हणाली, "नथ नाही गं, घूस गोफण घेऊन पळाली असेल!"

हिरोजीचे कान तापले. धोंडा सापडला, पण तो उचलताना त्याला वाटलं की आपण धोंडा नव्हे, आपलं नाक उचलतोय. घरी जाताना त्यानं मनाशी ठरवून टाकलं. लोकांसमोर पुन्हा वाकायचं नाही.

मग पुढच्या वेळी काय झालं? धोंडा सुटला आणि चुकला. पायवाटेवर बाया होत्याच. हिरोजीनं क्षणभर इकडं-तिकडं पाहिलं आणि मग जोरानं ओरडला, "लागला!"

"कुठं आहे मग घूस?" कुणीतरी विचारलं.

"बिळात घुसली. पण आता वाचत नाही ती." आणि तो ताठ मानेनं दुसऱ्या खडकाकडं चालू लागला. चुकलेला धोंडा कुठं पडला, याकडं त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. वळून पाहिलं असतं तर बायांना कळलं असतं ना!

एकदा जमलं की दुसऱ्यांदा सोपं जातं. हिरोजीचं 'लागला' रोज संध्याकाळी कुरणावरून ऐकू यायला लागलं. म्हातारी माणसं अंगणात बसल्या बसल्या म्हणायची, "हिरोजीनं आणखी एक घेतली."

इकडं सकाळच्या पारी सुभानाचं निराळंच चाललेलं असायचं. त्याचा धोंडा लागायचा तसा चुकायचाही. चुकला की तो निवांत गवतात शिरायचा आणि त्याची रुंद पाठ वर-खाली व्हायला लागायची. शेण गोळा करायला आलेल्या बाया त्यालाही सोडायच्या नाहीत.

"काय दाजी, आज काय हरवलं?"

"तुझ्या सासूचे दात, मालन!" सुभाना गवतातूनच ओरडायचा. "सापडले की आणून देतो, मग बघ तुझी काय गत होते!"

बाया हसायच्या, सुभानाही हसायचा, आणि हसत हसत धोंडा शोधून काढायचा.

एका सकाळी हिरोजी गाय घेऊन कुरणाच्या कडेनं चालला होता. पाहतो तो सुभाना गवतात उभा. हातात धोंडा. धोंड्याकडं पाहतोय, मग मागं वळून आपण ज्या खडकावर बसलो होतो त्याच्याकडं पाहतोय, मग आपलीच बोटं उघडझाप करून पाहतोय.

"काय चाललंय, सुभानाभाऊ?"

"अरे, या धोंड्याला विचारतोय की बाबा, तुला पाठवला होता त्या बिळाकडं, तू इकडं कसा आलास?"

"मग काय म्हणतो तो?"

"म्हणतो, तुझी चिमूट लवकर सुटली." सुभानानं धोंडा कमरेच्या पिशवीत टाकला. "उद्या जरा धरून ठेवतो."

हिरोजी मनातल्या मनात हसला. म्हातारपण आलं की माणसं दगडाशी बोलायला लागतात, असं त्याला वाटलं. ही गंमत राहीला सांगायची म्हणून तो घाईनं घरी गेला.

राही हसली नाही. ती गायीच्या पाठीवरून हात फिरवत होती. ती म्हणाली, "अहो, एक विचारू का? रोज लागला म्हणता. मग कुरणावर घारी का उतरत नाहीत? आबांच्या वेळी तर मेलेल्या घुशीवर नुसत्या झडप घालायच्या."

"बिळात जाऊन मरतात. घारींना कशा दिसतील?"

"सगळ्याच बिळात जाऊन मरतात?"

"तुला गोफणीतलं काय कळतं?"

"मला नाहीच कळत," राही म्हणाली आणि गायीला पाणी पाजायला गेली.

खरी गोष्ट अशी होती की हिरोजीचा हात दिवसेंदिवस बिघडत चालला होता. पण ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. 'लागला' असं इतक्या वेळा ओरडलं की ओरडणाऱ्यालाही ते खरं वाटायला लागतं.

असे दिवस गेले. गवत हिरव्याचं पिवळं झालं, पिवळ्याचं सोनेरी झालं. दिवाळी झाली आणि कापणीचा दिवस आला.

त्या गावात कापणी म्हणजे सणच. सगळं गाव कुरणात उतरायचं. बाया-पुरुष एका रांगेत उकिडवे बसायचे, डाव्या हातात गवताची मूठ आणि उजव्या हातात विळा. सर्र, सर्र असा आवाज करत रांग पुढं सरकायची, आणि मागं गवताच्या आडव्या पडलेल्या ओळी राहायच्या. मागून येणारे त्याच्या पेंढ्या बांधायचे. रांगेतून कुणी गाणं धरायचं, कुणी टिंगल करायचं. आबा बांधावर बसून पाहत होते. सुभाना आणि हिरोजीही रांगेत होते. राही मालनकाकूच्या शेजारी बसली होती.

सकाळ छान गेली. पण ऊन वर आलं तशी हवा कोंदली. मावळतीच्या डोंगरामागून एक काळा ढग हळूच डोकावला. दिवाळी झाल्यावर पाऊस येऊ नये, पण ढगाला कोण सांगणार? कापलेलं गवत भिजलं तर कुजतं, काळं पडतं, गुरं तोंड लावत नाहीत. गावाचं सगळं वर्ष त्या दिवशी कुरणात आडवं पडलेलं होतं.

"हात चालवा रे!" आबा ओरडले. "संध्याकाळच्या आत पेंढ्यांची गंजी लागली पाहिजे."

रांग भराभर सरकू लागली. आणि तेवढ्यात आवाज आला, खण्ण!

मालनकाकूनं विळा वर करून पाहिला. धारेला हे एवढं खांड पडलं होतं. "अगं आई! लग्नातला विळा माझा!"

ती अजून बोलत होती तोच पलीकडून आणखी एक आवाज आला, खण्ण. एकाच्या विळ्याचं टोकच उडालं. मग तिसरा आवाज, आणि त्याच्याबरोबर राहीचं 'आई गं'. तिचा विळा धोंड्यावरून सटकला होता आणि बोटाला चाटून गेला होता. रक्ताचा थेंब गवतावर पडला. फार नव्हतं, पदराची चिंधी बांधली की थांबण्यासारखं होतं. पण सगळी रांग जागच्या जागी थांबली.

मालनकाकूनं गवताच्या बुडातून धोंडा उपसला आणि आबांच्या हातात नेऊन दिला. आबांनी तो तळहातावर फिरवला. डोळ्यांना नीट दिसत नसलं तरी हाताला कळत होतं.

"गोल आहे. गुळगुळीत आहे. ओढ्यातला आहे," ते म्हणाले. "डोंगरावरून घरंगळलेला नाही. हा गोफणीतला आहे."

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या, आणि वळल्या त्या सुभानाकडं.

"दाजी, हे तुमचेच!" एकजण म्हणाला. "रोज सकाळी आम्ही बघत होतो, तुम्ही चुकत होता."

"चुकत होतो," सुभाना म्हणाला. "पण चुकलेले उचलत होतो."

"सगळे?"

सुभानानं थोडा विचार केला. "मी तर सगळे म्हणेन. पण माणूस आहे, राहिलाही असेल एखादा."

"एखादा? इथं पावलागणिक निघतायत!"

"मग दुसऱ्या कुणाचे असतील?" मालनकाकू म्हणाली. ती आता चेष्टेच्या आवाजात बोलत नव्हती. "हिरोजीभावजी तर चुकतच नाहीत."

आबांनी मान हलवली. "असं असेल तर माझं काम सोपं झालं. नाव कुणाचं घ्यायचं, ते आता मला पुन्हा विचारायला नको."

ज्या गोष्टीसाठी हिरोजी सगळा हंगाम झुरला होता, ती त्याच्यासमोर येऊन उभी होती. त्याला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. कुरणातली झोपडी, दावणीला भरपूर गवत, उठून जागा देणारी माणसं. सगळं एका गप्प राहण्यावर मिळत होतं.

सुभाना वाद घालत बसला नाही. तो रांगेच्या पुढं गेला, न कापलेल्या गवतात शिरला आणि वाकून धोंडे चाचपायला लागला. त्याची ती रुंद पाठ गवतात वर-खाली होऊ लागली. पण या वेळी कुणी हसत नव्हतं. आणि तो शोधत होता ती जागाच चुकीची होती. त्या अंगाला हिरोजी कधी बसलाच नव्हता, तिथं धोंडे नव्हते. ते त्याला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. ते एकट्या हिरोजीला ठाऊक होतं.

रांग पुन्हा चालू झाली, पण आता बाया भीत भीत कापत होत्या. विळा बुडाशी घालायचा धीर होत नव्हता, म्हणून वरवर गवत घेत होत्या. निम्मं गवत जमिनीवरच राहत होतं. ढग डोंगर उतरून निम्म्या आभाळावर आला होता.

हिरोजीनं राहीकडं पाहिलं. बोटाला चिंधी बांधून ती खाली मान घालून कापत होती. त्याच्याकडं तिनं एकदाही पाहिलं नाही. काही बोललीही नाही. ती बोलली असती तर बरं, असं हिरोजीला वाटलं. भांडली असती तरी चाललं असतं.

त्यानं विळा खाली ठेवला आणि उठला.

"सुभानाभाऊ," तो म्हणाला, "तिथं शोधू नकोस. तिथं नाहीत."

"काय नाहीत?"

"धोंडे. ते तुझे नाहीत. माझे आहेत."

विळ्यांचे आवाज बंद झाले.

मालनकाकूनं तोंडाला पदर लावला. "पण भावजी, तुम्ही तर रोज 'लागला' म्हणत होता!"

"म्हणत होतो," हिरोजी म्हणाला.

एवढं म्हणायला त्याला जेवढी ताकद लागली, तेवढी कधी गोफण फिरवायला लागली नव्हती.

लोकांत कुजबुज सुरू झाली. पण आबांनी काठी जमिनीवर आपटली. "जे बोलायचं ते गंजी लागल्यावर बोला. हिरोजी, कुठं कुठं पडलेत, ते सांगता येईल?"

"बसत कुठं होतो, ते सांगता येईल. पडले कुठं, ते..." हिरोजीची मान खाली गेली. "ते मी कधी पाहिलंच नाही."

आता काय करायचं? एवढं मोठं कुरण, आणि त्यात धोंडे कुठंही.

सुभाना गवतातून बाहेर आला. घाम पुसत म्हणाला, "सोपं आहे. जिथं बसत होतास तिथं बस, आणि पुन्हा मार."

"पुन्हा?"

"अरे, माणूस चुकतो तो रोज नवीन नवीन नाही चुकत. ज्याचा हात जिकडं ओढतो, तिकडंच ओढतो. तू बिळाकडं नेम धर आणि सोड. आज पडेल तिथंच आसपास तुझे जुनेही पडले असतील. आम्ही बघतो."

हिरोजी पहिल्या खडकावर चढला. रांगेतली माणसं मागं सरून बांधावर उभी राहिली. सगळं गाव पाहत होतं. लहान-थोर, हसणारे, न हसणारे, सगळे. त्यानं गोफण फिरवली. अगदी बिळावर नेम धरला. चिमूट सोडली. आणि धोंडा डावीकडं, पार डावीकडं गवतात गेला.

"चुकला," सुभाना शांतपणे म्हणाला. "छान. चल."

दोघं गवतात शिरले. वाकले. हिरोजीनं हातानं गवत बाजूला केलं आणि पाहतच राहिला. टिटवीनं अंडी घालावी तसे धोंडे एकमेकांजवळ पडलेले होते. सगळे बिळाच्या डाव्या अंगाला. इतके दिवस रोज तो एकच चूक करत आला होता, आणि ती चूक गवतात त्याची वाट पाहत पडून होती. एकदा जरी वाकून पाहिलं असतं तरी तिनं सगळं सांगितलं असतं.

"सगळे डावीकडं," तो पुटपुटला.

"तुझा खांदा वळतो, दुसरं काही नाही," सुभाना म्हणाला. "पिशवी धर."

मग एकेका खडकावर हिरोजी चढत गेला. गोफण फिरवायची, धोंडा कुठं जातो ते डोळे उघडे ठेवून पाहायचं, आणि सुभानाबरोबर तिथं जाऊन वाकायचं. सापडले की सुभाना हात वर करायचा, आणि रांग त्या भागात बिनधास्त शिरायची. सर्र, सर्र असा आवाज पुन्हा घुमायला लागला. विळे बुडापर्यंत जायला लागले. पहिल्या खडकाच्या वेळी हिरोजीचे कान तापले होते. दुसऱ्या-तिसऱ्या खडकाला ते निवले. पुढं पुढं तर कोण पाहतंय, याचं त्याला भानच उरलं नाही. धोंडे शोधण्यात तो गढून गेला.

शेवटच्या खडकावर एक गंमत झाली. त्यानं खांदा आवरला, धोंडा सोडला, आणि तो नेमका बिळाच्या तोंडात जाऊन बसला.

"अरे, आता असा मारशील तर जुने कसे सापडायचे?" सुभाना ओरडला. "नीट चूक की!"

त्या दिवशी पहिल्यांदाच सगळं गाव मोकळं हसलं, आणि हिरोजीही हसला.

दिवस मावळायच्या आत शेवटची पेंढी गंजीवर चढली. वर गवताचीच शाकारणी केली. आणि मग पाऊस आला, चांगला झोडपून आला. पण आता त्यानं यावं. माणसं गंजीच्या आडोशाला, झोपडीच्या वळचणीला दाटीवाटीनं उभी राहिली. कुणीतरी भाकरी सोडल्या, कुणी ठेचा काढला. मालनकाकूनं आपला खांड पडलेला विळा पुन्हा एकदा पाहून सुस्कारा सोडला आणि राहीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

आबांनी खाकरून घसा साफ केला.

"कुरणाची राखण सुभानाकडं," आबा म्हणाले. "कुणाला काही म्हणायचंय?"

हिरोजीनं खाली पाहिलं. वाईट वाटलं त्याला. का वाटू नये? पण आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

"आणि हिरोजी," आबा पुढं म्हणाले, "जेवढ्या विळ्यांच्या धारा गेल्या, तेवढ्या तू लावून द्यायच्यास. मोडलेलं टोक लोहाराकडून घडवून आणायचं. घासता घासता एकेका खांडाकडं नीट बघ."

"बघतो, आबा."

"मला काही बोलायचंय," सुभाना म्हणाला. "मी सकाळचा राखीन. पण दिवस कलला की माझे गुडघे बोलायला लागतात. संध्याकाळच्या राखणीला माझ्या जोडीला हिरोजी राहू दे. त्याच्या गायीपुरतं गवत माझ्या वाट्यातून जाईल."

लोक एकमेकांकडं पाहू लागले. आबांनी भुवया वर केल्या. "त्याचा नेम पाहिलास ना आज?"

"पाहिला. म्हणून तर म्हणतोय. आज सकाळपर्यंत त्याला आपला धोंडा कुठं पडतो, हेच ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालंय. नेम यायला यापुढं वेळ लागत नाही."

आबांनी पावसाकडं पाहत बराच वेळ घास चावला. मग म्हणाले, "राहू दे."

दुसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं निघालं. हिरोजीनं अंगणात सहाण मांडली, शेजारी पाण्याचं भांडं ठेवलं आणि विळे घासायला बसला. दुपारपर्यंत बायांची रांग लागली. मालनकाकू सगळ्यांत पुढं.

"भावजी, माझा आधी. आणि नीट लावा हं धार. नाहीतर नुसतं म्हणाल, लागली!"

"काकू, तुम्हीच हात लावून बघा," हिरोजी म्हणाला. "नाही लागली तर सांगा. पुन्हा लावीन."

काकूनं धारेवर अंगठा फिरवला. तोंड वाकडं केलं. "टोकाला अजून बोथट आहे."

हिरोजीनं विळा परत घेतला, टोकाशी डोळा नेऊन पाहिलं, आणि म्हणाला, "खरंच की. राहिलीय." आणि पुन्हा घासायला लागला. दावणीला तांबडी गाय नवं गवत रवंथ करत उभी होती, आणि राही दारात बसून हसत होती.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच घ्यावं: नेम सगळ्यांचाच चुकतो, त्यात लाज नाही. पण चुकलेला धोंडा जो वाकून उचलतो, त्याचा हात सुधारतो. आणि जो ताठ मानेनं पुढं जातो, त्याचा धोंडा कुणाच्या तरी विळ्याखाली येतोच.